काजूच्या टेकड्यांखालची मुलं : कासरगोडच्या एंडोसल्फान प्रकरणाचा अभ्यास

बालसंरक्षणाच्या प्रशिक्षणात चर्चेला प्रकरणं घ्यायची म्हटली की बालविवाह, बालमजुरी, शाळागळती, लैंगिक अत्याचार ही ठरलेली असतात. ती घ्यायलाच हवीत. पण गावातली मुलं कुठलं पाणी पितात, शाळेशेजारच्या बागेत कसली फवारणी होते, अंगणाच्या गडग्यापलीकडे कोणतं औषध कालवलं जातं, हे त्या चर्चेत कधी येत नाही. ते कृषी खात्याचं, फार तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम समजलं जातं. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सगळे जण अशीच आपापल्या खात्यापुरती कामं करत राहिले. म्हणून मी हे प्रकरण मुद्दाम घेते. कोकणातल्या कार्यकर्त्यांसमोर ते मांडायला फार प्रस्तावना लागत नाही. काजू त्यांच्या दारात आहे आणि जांभा त्यांच्या पायाखाली.

थोडक्यात हकिगत अशी. प्लँटेशन कॉर्पोरेशन ऑफ केरळ (पुढे ‘महामंडळ’) ही राज्य सरकारची कंपनी. कासरगोडात तिच्या साडेचार हजार हेक्टरांहून जास्त काजूबागा. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं, दर वर्षी दोन-तीन वेळा. बागांच्या उतारांवर आणि पायथ्याला वस्त्या होत्या. तिथे जन्मजात व्यंगं, मेंदूची वाढ खुंटणं, अपस्मार, त्वचेचे विकार, कर्करोग यांचं प्रमाण नजरेत भरण्याइतकं वाढल्याचं लोकांनी आणि स्थानिक डॉक्टरांनी सांगितलं. फवारणी थांबायला वीस वर्षं गेली. देशात बंदी यायला आणखी दहा. आणि बाधित म्हणून मान्य झालेल्या सगळ्यांना भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगूनही पाच वर्षांनी किती जणांच्या हातात पैसे पडले होते, ते पुढे येईलच.

जांभा, सुरंग आणि उघडी टाकी

कासरगोड केरळच्या उत्तर टोकाला, कर्नाटकाच्या दक्षिण कन्नड जिल्ह्याला लागून आहे. मल्याळम, तुळू, कन्नड, कोंकणी अशा सात भाषा तिथे नांदतात असं अभिमानाने सांगतात आणि त्या सातांत मराठीही मोजतात. कऱ्हाड्यांची जुनी घरं त्या भागात आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला माणूस तिथे गेला तर त्याला भूगोल शिकवावा लागणार नाही. वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उतारावर काजू, खाली दरीत सुपारी आणि भात, मधून ओढा.

फरक पाण्यात आहे. आपण विहीर खणतो, तिथे बऱ्याच घरांनी टेकडीच्या पोटात आडवा बोगदा खणलेला असतो. माणूस वाकून आत जाईल एवढाच उंच, काही तर शंभर मीटरहूनही लांब. त्याला तिथे सुरंग म्हणतात. जांभ्यातून झिरपलेलं पाणी सुरंगेच्या तळातून बारीक धारेने बाहेर येतं, तोंडाशी मातीच्या छोट्या टाकीत साठतं आणि सुपारीच्या पोकळ खोडातून किंवा नळीतून थेट परसात, स्वयंपाकघरात जातं. पंप लागत नाही, वीज लागत नाही. पाणी वापरण्याची इतकी शहाणी रीत क्वचितच बघायला मिळते.

प्रकरण समजायला ही रचना डोळ्यांसमोर हवी. सड्यावर जे पडेल ते जांभ्यातून झिरपून किंवा ओघळून सुरंगेत आणि ओढ्यात येणार. फवारणीच्या आधी ‘विहिरी झाका’ अशी सूचना दिली जायची. विहीर झाकता येते हो, पण सुरंगेचं पाणी ज्या टेकडीतून येतं ती टेकडी कशाने झाकायची? सूचना लिहिणाऱ्याने गाव पाहिलेलं नव्हतं, हे त्या एका ओळीत दिसतं.

ढेकण्या आणि हेलिकॉप्टर

काजूचा मुख्य शत्रू म्हणजे इंग्रजीत टी मॉस्किटो बग म्हणतात तो कीटक. आपल्याकडे त्याला ढेकण्या म्हणतात. कोवळ्या पालवीतला, मोहोरातला, नुकत्या धरलेल्या बियांतला रस तो सोंडेने शोषतो. सोंड टोचली तिथे आधी पाणचट, मग तपकिरी-काळा डाग पडतो. शेंडा वाळत जातो आणि मोहोर करपल्यासारखा दिसतो. वर्ष वाईट असलं तर हातातोंडाशी आलेलं पीक जातं. बागायतदाराची धास्ती खोटी नाही आणि महामंडळाचीही नव्हती. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे या प्रकरणात एका बाजूला राक्षस आणि दुसऱ्या बाजूला देव उभे करण्याचा मोह फार जणांना झाला.

एंडोसल्फान हे क्लोरीनयुक्त कीटकनाशक, डीडीटीच्या मोठ्या कुटुंबातलं. १९५० च्या दशकात बाजारात आलं. पेटंट कधीच संपलेलं, म्हणून स्वस्त. भारत त्याचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक झाला. केरळातच, कोचीजवळच्या एलूरला, केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपनीचा एंडोसल्फानचा कारखाना होता. म्हणजे बनवणारं सरकार, विकत घेऊन फवारणारं सरकार आणि तक्रार ऐकून घेणारंही सरकारच.

हजारो हेक्टरांवर माणसं लावून पंपाने फवारणी करायची तर खर्च आणि वेळ दोन्ही फार, म्हणून हेलिकॉप्टर. हवाई फवारणीचे नियम तेव्हाही होते. झाडांच्या शेंड्यांपासून दोन-तीन मीटरवरून फवारा सोडायचा, वारा असताना सोडायचा नाही, लोकांना आधी कळवायचं, माणसं-जनावरं दूर ठेवायची. सपाट शेतात हे जमतं. कासरगोडच्या चढउतारांवर हेलिकॉप्टर झाडांना टेकवून नेणं शक्य नव्हतं. ते उंचावरून जायचं आणि फवारा वाऱ्याबरोबर वाहत जायचा. शिवाय बागा सलग नव्हत्या. मधे मधे घरं, शाळा, अंगणवाड्या, ओढे. लोक सांगतात की मुलं हेलिकॉप्टर बघायला धावत बाहेर यायची. न धावणारं मूल कुठल्या गावात असतं?

आधी जनावरं बोलली

माझ्या मते या प्रकरणाचा सगळ्यांत कमी चर्चिलेला आणि सगळ्यांत कामाचा भाग हा आहे.

फवारणी सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती, तेव्हा कासरगोडातल्या पद्रे गावच्या गोठ्यांत वाकड्या पायांची वासरं जन्मल्याचं लोकांनी पाहिलं. त्याच गावचे शेतकरी-पत्रकार श्री पद्रे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे लिहिलं. मधमाश्या मेल्याच्या, ओढ्यात मासे तरंगल्याच्या, पक्षी कमी झाल्याच्या गोष्टी लोक सांगत होते. पशुवैद्यकाच्या दृष्टीने वासरू हे गोठ्याचं प्रकरण होतं, मधमाशी तर कुणाचंच प्रकरण नव्हतं, आणि महामंडळाला त्या वर्षीचा काजू चांगला आला होता.

वासराचा गर्भकाळ जेमतेम साडेनऊ महिन्यांचा, बाईच्या गर्भारपणाएवढाच. गाय जे पाणी प्यायची, गर्भारशी बाई तेच पीत होती. गोठ्यात काहीतरी वेगळं दिसतंय तर पाळण्यात काय दिसतंय हे बघायला हवं, असा विचार करायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. पण तो विचार करणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं.

डॉ. वाय. एस. मोहनकुमार १९८२ पासून त्याच भागात, वाणीनगरला दवाखाना चालवत होते. साधा खेड्यातला दवाखाना. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की एवढ्याशा परिसरातून मानसिक आजार, अपस्मार, जन्मजात व्यंगं, कर्करोग यांचे इतके रुग्ण यायला नकोत. आणि ते बरेचसे ठरावीक ओढ्याकाठच्या घरांतून येत होते. १९९० च्या दशकात त्यांनी वैद्यकीय वर्तुळात लिहून पाहिलं, इतर डॉक्टरांनी लक्ष घालावं म्हणून विनवलं. फारसं काही झालं नाही. पुढे श्री पद्रे यांच्या लिखाणातून डॉक्टरांची निरीक्षणं आणि फवारणी यांचा धागा जोडला गेला. वासरांपासून या टप्प्यापर्यंत यायला वीस वर्षं लागली. म्हणजे पहिल्या फवारणीच्या वेळी जन्मलेली मुलं तोवर मतदार झाली होती.

कृषी खात्यातली फिर्यादी

फवारणी थांबवली ती कुठल्याही मंत्रालयाने नाही. लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्याच्याच कर्मचारी होत्या. १९९० च्या दशकात पेरिया गावी त्या घर बांधून राहायला आल्या. घर महामंडळाच्या बागेलगत. आजारपणं सुरू झाली, आवाज बसत गेला. कीटकनाशकाच्या डब्यावरचा मजकूर वाचणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता, त्यामुळे डोक्यावरून काय जातंय हे त्यांना इतरांपेक्षा आधी कळलं. त्यांनी आधी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, मग १९९८ मध्ये होसदुर्गच्या मुन्सफ न्यायालयात दावा लावला. तिथून हवाई फवारणीला मनाई मिळाली. २००१ पासून हेलिकॉप्टर उडालं नाही.

तालुका पातळीवरचं सर्वांत खालचं दिवाणी न्यायालय, एक बाई आणि साधा मनाई हुकूम. बालहक्क, पर्यावरण, घटनेचा अनुच्छेद २१ (जगण्याचा हक्क) असलं मोठं काही त्यात नव्हतं. माझ्या घरावर विष पडतंय, थांबवा, एवढंच. प्रशिक्षणात मी इथे थांबते, कारण आपल्या कार्यकर्त्यांना जनहित याचिका आणि मुंबईचं उच्च न्यायालय माहीत असतं, दिवाणी मनाईचा रस्ता सुचत नाही. अर्थात लीलाकुमारींना धमक्या आल्या, अपिलं झाली, आणि सरकारी नोकराने सरकारी कंपनीवर दावा लावल्याचा जो काही त्रास व्हायचा तो झाला. सोपं काहीच नव्हतं.

पुराव्याची लढाई

२००१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पद्रेतल्या रक्ताचे, पाण्याचे, मातीचे, दुधाचे नमुने तपासले. एंडोसल्फानचे अंश भरपूर सापडल्याचं जाहीर केलं. लगेच महामंडळाच्या बाजूने तमिळनाडूतल्या एका प्रयोगशाळेचा अहवाल आला की काळजीचं काही कारण नाही. मग राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेतली आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने अभ्यास केला. पद्रेतली शाळकरी मुलं आणि फवारणी न झालेल्या मींज गावची मुलं यांची तुलना. पद्रेत शिकण्यातल्या अडचणी, मज्जासंस्थेशी संबंधित तक्रारी आणि जन्मजात दोष जास्त आढळले. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध छापला. फवारणीच्या गावातले ११७ मुलगे आणि तुलनेसाठी ९०, वय १० ते १९. फवारणीच्या गावात मुलगे वयात येण्याची प्रक्रिया लांबलेली दिसली आणि रक्तातलं एंडोसल्फान तुलनेच्या गावापेक्षा कितीतरी जास्त, तेही फवारणी थांबून काही महिने लोटल्यावर.

दुसऱ्या बाजूला केंद्राने नेमलेल्या ओ. पी. दुबे समितीने आजार आणि एंडोसल्फान यांचा संबंध सिद्ध होत नाही, असं म्हटलं. आजही काही कृषिशास्त्रज्ञ तेच म्हणतात आणि त्यांचे मुद्दे सरळ उडवून लावण्यासारखे नाहीत. फवारणीच्या आधी त्या गावांत आजारांचं प्रमाण किती होतं, याची नोंद नाही. अभ्यासातली संख्या लहान. पुढे बाधितांच्या यादीत इतके निरनिराळे आजार आले की त्या सगळ्यांना एकच रसायन कारणीभूत असणं अवघड वाटतं. हे सगळं बरोबर आहे. पण आधीची नोंद नाही, यात दोष कुणाचा? दोन दशकं विष फवारणाऱ्याने गावाची साधी आरोग्य तपासणीही करून ठेवली नाही. आणि तीच नसलेली नोंद त्याच्या बचावाला येते.

माझं म्हणणं असं आहे की दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतवले गेले. अमुक मुलीची अमुक व्याधी एंडोसल्फाननेच झाली का, हा पहिला. त्याचं उत्तर बहुतेक वेळा कुणालाच शपथेवर देता येणार नाही. विषाचा हा पाऊस थांबवावा का आणि इथल्या आजारी मुलांना सांभाळावं का, हा दुसरा. त्याचं उत्तर वासरांच्या वेळीच देता आलं असतं. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा टांगून ठेवला, हा या प्रकरणातला मूळ दोष. पुढे बंदी आल्यावरही तो गेला नाही, उलट यादीच्या रूपाने परत आला.

बंदीचा दिवस

केरळात एंडोसल्फानचा वापर २००० च्या दशकाच्या मध्यावर थांबला, बाकी देशात चालूच राहिला. आपल्याकडे कपाशीवर, तुरीवर, भाज्यांवर ते सर्रास मारलं जात होतं. एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हाला स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बैठकीत जागतिक बंदीचा प्रस्ताव आला. भारत विरोधात होता. स्वस्त देशी औषध काढून महागडी परदेशी औषधं गळ्यात मारायचा युरोपीय कंपन्यांचा डाव आहे, असं उद्योगाचं म्हणणं, आणि ते अगदीच हवेतलं नव्हतं. एंडोसल्फानच्या जागी पुढे आलेल्या काही औषधांवर आज मधमाश्यांच्या मृत्यूचा आरोप आहेच. बैठक सुरू झाली त्या २५ एप्रिलला केरळचे मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन तिरुवनंतपुरमला एक दिवसाच्या उपोषणाला बसले. स्वतः मुख्यमंत्री केंद्राविरुद्ध उपोषणाला! शेवटी काही पिकांपुरत्या सवलतीची मुदत घेऊन भारताने बंदी मान्य केली.

१३ मे २०११ रोजी, डीवायएफआय या युवक संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानचं उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. तयार साठा निर्यात करायला मात्र पुढे परवानगी मिळाली. आपल्या मुलांना नको ते दुसऱ्यांच्या मुलांकडे, यावर कुणी फार बोललं नाही.

यादीत नाव आहे का?

बंदीनंतरचा काळ बातम्यांत कमी आला, पण बालसंरक्षणाचं खरं प्रकरण तिथून सुरू होतं.

केरळ सरकारने काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. अकरा ग्रामपंचायती बाधित ठरवल्या. मासिक निवृत्तिवेतन, सांभाळणाऱ्यासाठी वेगळी रक्कम, ठरावीक रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले. पेरिया, मुळियार अशा ठिकाणी पंचायतींच्या ‘बड्स’ शाळा उभ्या राहिल्या. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ही केरळभरची योजना आहे. गाडी घरापासून नेते, शिक्षिका आणि आया दिवसभर सांभाळतात, व्यायामोपचार होतात. बाहेरच्याला ही छोटी गोष्ट वाटते. पंधरा-सोळा वर्षांच्या, स्वतः उठू न शकणाऱ्या मुलाला सकाळी नऊ ते दुपारी चार कुणी घेऊन जातं, तेव्हा आई मजुरीला जाऊ शकते, आंघोळ निवांत करू शकते, धाकट्याच्या शाळेत पालकसभेला जाऊ शकते. या प्रकरणातली सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कोणती म्हणाल तर मी बड्स शाळेच्या गाडीचं नाव घेईन.

पण या सगळ्याचं दार एकच, बाधितांची यादी. यादीत नाव यायचं तर खास वैद्यकीय शिबिरात जायचं, डॉक्टरांच्या पथकापुढे उभं राहायचं आणि आजाराचा एंडोसल्फानशी संबंध ‘असू शकतो’ असा शेरा मिळवायचा. २०१० नंतर अशी शिबिरं झाली. २०१७ च्या शिबिरात पहिल्या टप्प्यावर १,९०५ जण निवडले गेले आणि अंतिम यादीत आले २८७. आया राजधानीत जाऊन बसल्या, २०१९ मध्ये सचिवालयासमोर उपोषण झालं, मग काही मुलांची नावं वाढली. पुढे अमुक तारखेनंतर जन्मलेली मुलं घ्यायची नाहीत, अशी रेघ ओढली गेली आणि तिच्यावर पुन्हा आंदोलन.

आपल्याकडे अपंगत्वाचा दाखला, दारिद्र्यरेषेचा दाखला, दुष्काळी गावांची यादी यांतून गेलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. ज्या मुलाला मान सावरता येत नाही त्याला जीपमध्ये घालून शिबिराला न्यायचं, रांगेत मांडीवर धरून बसायचं आणि तिथून ‘संबंध नाही’ असा कागद घेऊन परतायचं. मुलाची गरज मात्र कागदाने बदलत नाही. शेजारच्या घरातलं तसंच मूल यादीत, हे बाहेर. अशा वेळी शेजाऱ्यांतही तेढ येते, खोटी नावं घुसवल्याचे आरोप होतात आणि मग सरकारला यादी आणखी कडक करायला कारण मिळतं.

याला पर्याय होता आणि आहे. विष अमुक टेकड्यांवर इतकी वर्षं पडलं, यात कुणाचाच वाद नाही. मग त्या टेकड्यांखालच्या पंचायतींतल्या प्रत्येक अपंग आणि दीर्घ आजारी मुलाला, कारण न विचारता, सगळी सेवा द्यायची. त्यात एंडोसल्फानशी संबंध नसलेली चार मुलंही येतील. येऊ देत. त्यांना सांभाळण्यात शासनाचं नुकसान काय? शिबिरांवर, समित्यांवर आणि कज्ज्यांवर झालेला खर्चही कुणी मोजून पाहावा. पैशांची भरपाई आणि कंपनीची जबाबदारी हा वेगळा हिशोब आहे. तिथे काटेकोर पुरावा मागणं मी समजू शकते.

भरपाईचं म्हणाल तर मानवाधिकार आयोगाने २०१० च्या अखेरीस रकमा सुचवल्या होत्या. १० जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये तीन महिन्यांत द्या, नंतर हवे तर उत्पादकांकडून वसूल करा, असा आदेश दिला. पाच वर्षं झाली तरी बहुतेकांना काही मिळालं नाही. काही जणांनी अवमान याचिका केली. मे २०२२ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. सूर्य कांत यांच्यापुढे हिशोब आला. यादीत ३,७०४ बाधित, पैसे मिळालेले ८. आणि ते आठ कोण? ज्यांनी अवमान याचिका केली होती ते! न्यायालयाने राज्याला फैलावर घेतलं, याचिकादारांना प्रत्येकी ५० हजार खर्च द्यायला लावला, मुख्य सचिवांना दर महिन्याला बैठक घ्यायला सांगितलं. त्यानंतर वाटप सुरू झालं. त्या ३,७०४ मध्ये १०२ जण अंथरुणाला खिळलेले होते. तीन महिन्यांचा आदेश पाच वर्षं धूळ खात पडला, तेव्हा त्यांच्या घरात दर महिन्याला काय चाललं असेल, हे निकालपत्रात येत नाही.

सुरुवातीच्या वर्षांतली मुलं आता चाळिशीत आहेत आणि त्यांच्या आया सत्तरीत. त्यामुळे मागणी बदलली आहे. उपचारांपेक्षा आता ‘आमच्यामागे कोण’ हा प्रश्न आहे. मुळियारला पुनर्वसन ग्रामाची पायाभरणी २०२० मध्ये झाली. त्याआधी कित्येक वर्षं त्याची नुसती घोषणा ऐकू येत होती.

उरलेली पिंपं

माणसांचं असं, तर जमिनीचं काय? फवारणी थांबली तेव्हा महामंडळाच्या गोदामांत एंडोसल्फान शिल्लक होतं. पिंपं गंजली, गळू लागली. २०१२ मध्ये खास मोहीम काढून ते नव्या पिंपांत भरून ठेवलं, त्याची विल्हेवाट मात्र वर्षानुवर्षं रखडली. कर्नाटक सीमेजवळच्या मिंचिनपदवू टेकडीवर एका पडक्या विहिरीत जुना साठा पुरल्याची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली आणि तपासणी करणं भाग पडलं. ज्या टेकडीतून सुरंगांना पाणी येतं त्या टेकडीच्या पोटात विष ठेवायचं, ही कल्पना कुणाला तरी सुचली आणि ती अमलातही आली असेल, तर त्या माणसालाही ‘विहिरी झाका’ लिहिणाऱ्याच्याच पंक्तीत बसवायला हवं. फवारणी थांबल्यावर काही वर्षांत फुलपाखरं, मधमाश्या, पक्षी परत दिसू लागल्याचं गावकरी सांगतात.

आपल्याकडे

कोकणात महामंडळाचं हेलिकॉप्टर कधी उडालं नाही, हे आपलं नशीब. इथल्या बागा छोट्या, खासगी, पंपाने फवारलेल्या. तरी ढेकण्या तोच आहे. पालवी, मोहोर आणि बी धरताना अशा तीन फवारण्यांची शिफारस आपल्याकडेही आहे, आणि औषधाच्या दुकानातला माणूस सांगेल ते मारण्याची सवयही. यवतमाळला २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. चौकशी झाली ती मोठ्या माणसांच्या मृत्यूची. बापाच्या त्याच कपड्यांना बिलगणाऱ्या मुलांची तपासणी झाली का, हे विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता हवाई फवारणी दुसऱ्या वाटेने परत येते आहे. ड्रोनने कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केली. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांना १५ हजार ड्रोन द्यायचे ठरले. माझा ड्रोनला विरोध नाही. पाठीवर पंप घेऊन विषाच्या धुक्यात चालण्यापेक्षा बांधावर उभं राहून यंत्र चालवणं माणसासाठी नक्कीच बरं. पण फवारा वाऱ्याने वाहतो हे भौतिकशास्त्र हेलिकॉप्टरला एक आणि ड्रोनला दुसरं नसतं, आणि कोकणातला चढउतार कासरगोडसारखाच आहे.

कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीआधी किमान २४ तास लोकांना सूचना द्यायची तरतूद आहे. गावात ही सूचना कुणापर्यंत पोचायला हवी, असं मी ग्राम बाल संरक्षण समितीच्या सदस्यांना विचारते. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, कृषी सहायक अशी नावं येतात. अंगणवाडी सेविकेचं आणि आशाताईंचं नाव सहसा येत नाही. खरं तर पोषण आहार शिजतो ते पाणी कुठलं, गावात गरोदर बायका किती आणि कुणाचं घर बागेला लागून आहे, हे या दोघींइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून समितीच्या पुढच्या बैठकीसाठी मी दोन विषय लिहून देते. फवारणीची सूचना या दोघींना आदल्या दिवशी मिळालीच पाहिजे, असा ग्रामसभेचा ठराव. आणि गावातल्या गोठ्यांत वाकडं वासरू जन्मलं किंवा ओढ्यात मासे मेले, तर पशुवैद्यकीय दवाखान्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रालाही त्याच दिवशी लेखी कळवायचं. दोन्हींना वेगळा निधी लागत नाही.